गोल्डनआयच्या थव्यात बॅरोज शोधताना

नमस्कार मंडळी. आज बोलूया अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीबद्दल, म्हणजे तिच्या खालच्या भागाबद्दल, जिथे एका काठाला ॲरिझोना, दुसऱ्या काठाला कॅलिफोर्निया आणि दोन्हीकडे नुसतं वाळवंट. १९३८ साली इथे पार्कर धरण पूर्ण झालं, मागे लेक हवासू तयार झाला, आणि आता उत्तरेकडची तळी गोठायला लागली की तिकडची बदकं इथे येऊन उतरतात. पॅसिफिक लून हा बुड्या मारणारा पाणपक्षी, जो हिवाळ्यात एरवी समुद्रावर बघायचा, तोसुद्धा अधूनमधून या तलावावर पोहताना दिसतो, आणि मागे उघडे डोंगर, निवडुंग! काय दृश्य असतं ते.

पण माझा जास्त जीव धरणाखालच्या वाहत्या पाण्यावर आहे. तिथे कॉमन गोल्डनआय या बदकांचे थवे असतात आणि त्यांच्यातच मिसळलेली थोडीशी त्यांच्यासारखीच दिसणारी बॅरोज गोल्डनआय. लोक गाडीतून उतरतात, दोन मिनिटं दुर्बीण फिरवतात आणि सगळे कॉमनच आहेत म्हणून निघून जातात. असं करू नका हो. ही बदकं सारखी बुड्या मारतात, तुम्ही बघता तेव्हा कितीतरी पाण्याखालीच असतात, म्हणून स्कोप (तिकाटण्यावरची दुर्बीण) लावून एका जागी बसायचं आणि एकेक डोकं तपासायचं. नराच्या चेहऱ्यावरचा पांढरा डाग गोल असेल तर कॉमन, चंद्रकोरीसारखा असेल तर बॅरोज. डोक्याची हिरवी-जांभळी झाक उन्हाप्रमाणे बदलते, नुसती तिच्यावर जाऊ नका. आणि माद्यांना सोडू नका, बॅरोजच्या मादीची चोच हिवाळ्यात बहुतेक सगळी पिवळी-केशरी असते, कॉमनची सहसा काळी आणि टोकाला पिवळी. सकाळी ॲरिझोनाच्या काठावर उभं राहा, ऊन पाठीमागून येतं.

वेळ उरला तर बिल विल्यम्स नदी लेक हवासूला मिळते तिथे जाच. बाकी काठावर बाहेरून आलेल्या टॅमरिस्क या झुडपाने ठाण मांडलंय, इथे मात्र कॉटनवूड आणि विलोचं जुनं जंगल अजून टिकून आहे, आणि ते टिकायलाच हवं. इथला सॅपसकर हा सुतार पक्षी खोडाला ओळीने छिद्रं पाडतो, त्यातून रस झिरपतो, मग रस प्यायला आणि त्यावरचे किडे टिपायला बाकीचे पक्षीही येतात. सॅपसकर नेहमीचा म्हणजे रेड-नेप्ड, पण कधीतरी रेड-ब्रेस्टेड जातीचा निघतो, त्यामुळे ताज्या छिद्रांचं झाड दिसलं की पुढे जायची घाई करू नका, तिथेच थांबा.