‘एमा’ वाचताना मिस बेट्स यांची पाने गाळू नका

नमस्कार. जेन ऑस्टेन यांची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर 1815 मध्ये प्रकाशित झाली. श्रीमंत, हुशार आणि जेमतेम एकविशीतल्या एमाला इतरांची लग्ने जुळवण्याचा भारी सोस आहे आणि तिचे अंदाज सपशेल चुकतात, त्यामुळे हसण्याच्या जागा पानोपानी सापडतात. पण या विनोदाचा खरा ठेवा मिस बेट्स यांच्यापाशी आहे, आणि अनेक वाचक कंटाळून नेमकी त्यांचीच बोलणी गाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मिस बेट्स या दिवंगत धर्मगुरूंच्या अविवाहित कन्या. म्हाताऱ्या आईसोबत त्या तुटपुंज्या उत्पन्नावर राहतात, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आईच्या चष्म्याच्या निखळलेल्या खिळ्यापासून भाजलेल्या सफरचंदांपर्यंत काहीही त्यात येते. मात्र एमाचे शेजारी आणि जुने स्नेही नाइटली यांनी आपल्याकडची त्या जातीची उरलीसुरली सफरचंदेही या मायलेकींकडे पाठवून दिली, हे आपल्याला याच बडबडीतून कळते. नायकाच्या स्वभावाची इतकी चांगली ओळख दुसरे कोणीच करून देत नाही.

पुढे बॉक्स हिलच्या सहलीत प्रत्येकाने एक चतुर, दोन बऱ्या किंवा तीन निरस गोष्टी सांगायच्या, असा खेळ निघतो. तीन निरस गोष्टी तर मी तोंड उघडताच सांगेन, असे मिस बेट्स मोकळेपणाने म्हणतात, आणि एमा सुनावते की अडचण एवढीच आहे, एका वेळी तीनच सांगता येतील. टोमणा त्यांच्या जरा उशिराच लक्षात येतो. त्या रागावत नाहीत. चेहरा किंचित लाल होतो, आणि आपलाच जाच होत असणार, एरवी जुन्या स्नेह्याला ती असे बोलली नसती, असे म्हणून त्या गप्प राहायचे ठरवतात. तोवर आपणही त्यांना हसत आलेलो असतो, म्हणून तो घाव आपल्याही जिव्हारी लागतो.

नाइटली एमाला खडसावतात आणि ती परतीच्या गाडीत जवळजवळ घरापर्यंत रडते. ही प्रेमकथा मला इथेच खऱ्या अर्थाने सुरू झालेली वाटते, कारण त्यांच्या मनातून उतरणे आपल्याला इतके का सोसवत नाही, हे एमाला अजून उमगलेले नसते. ते उमगते तिची धाकटी मैत्रीण हॅरिएट हिच्यामुळे. आपले मन नाइटलींवर जडल्याचे हॅरिएट सांगते, आणि तिला मोठ्या घरची स्वप्ने पाहायला शिकवलेले असते एमानेच. आपल्याला हसू आवरत नाही, आणि एमाच्या पोटात मात्र गोळा उठतो.