जनरलसाहेबांनी मागितलेला चहा

नमस्कार श्रोतेहो. आज लेफ्टनंट जनरल थोरातांची गोष्ट. पूर्ण नाव शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म 1906 चा, गाव कोल्हापूरजवळचं वडगाव. तिथला हा मुलगा इंग्लंडात सँडहर्स्टला शिकला आणि 1926 साली अधिकारी झाला.

1945 च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात, आराकानमध्ये, कांगावची लढाई झाली. तिथल्या 51 व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख आपलेच: थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांनाही डीएसओ, म्हणजे लढाईतल्या कामगिरीसाठी अधिकाऱ्यांना दिलं जाणारं ब्रिटिश पदक, मिळालं. कांगाववर तासभर बोलता येईल, पण मला कोरियाला पोचायची घाई आहे.

साल 1953. कोरियातलं युद्ध थांबलं, पण 22 हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणाले, आम्ही घरी जाणार नाही. त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली. प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही मात्र हटून बसले: भारतीयांचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये! मग काय, आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून छावणीत नेऊन ठेवलं.

कैद्यांना तर वाटत होतं, हे भारतीय आपल्याला माओच्या हवाली करणार. घोषणा, दगड, रोजचाच दंगा. अशात एक दिवस चिनी कैद्यांनी आपल्या मेजर ग्रेवालांना कुंपणाच्या आत ओढून ओलीस ठेवलं. गोळीबार करावा, तर आधी मेजरच जायचे, आणि त्यांच्या पाठोपाठ किती कैदी, देव जाणे.

थोरात स्वतः आत गेले. बरोबर मोजकी माणसं. पुन्हा सांगतो, मोजकी माणसं, आणि भोवती खवळलेला जमाव. आरडाओरडा काही थांबेना. तेव्हा साहेबांनी काय मागावं? चहा. हो श्रोतेहो, चहा! म्हणाले, आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला चहा विचारायची पद्धत आहे.

आता बघा, दारात आलेल्याला चहा विचारला नाही, असं कुणी तोंडावर म्हटलं तर आपल्याला कसं होतं? आणि चिनी माणूस तर चहाच्याच देशातला. चहा आला. जमाव निवळला, बोलणं सुरू झालं आणि मेजर ग्रेवाल सुखरूप सुटले. एकही गोळी न उडवता.

जाता जाता माझं एक तुणतुणं. 'चहा घेणार का?' हा प्रश्नच मुळात चुकीचा. समोरचा भिडेखातर 'नको' म्हणतो आणि यजमान सुटतो. आधी आधण ठेवावं, मग बोलावं. आमच्या घरी यावरून वाद होतात, होऊ देत.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा पुढचं भराभर. पुढे थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, कसा घुसेल हे त्यांनी 1959 मध्येच लिहून दिलं. 1960 साली लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच नकाशावर दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. दुसऱ्याच वर्षी चीन आला, बराचसा त्यांनी लिहिलं होतं तसाच.

मग पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. विचारलं, हा कागद मला का दाखवला गेला नाही? थोरात म्हणाले, याचं उत्तर मेननच देऊ शकतील.

त्या भेटीत चहा झाला की नाही, ठाऊक नाही. नमस्कार.