डिस्चार्जनंतरचे तीस दिवस

[दृश्य : जुन्या पुस्तकातील तक्ता. कॅमेरा एका ओळीवर येऊन थांबतो.]

पडद्यावर दिसणारा हा तक्ता १८६३ सालचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांविषयीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत तो छापला गेला. त्यातील आकडे इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी जुळवलेले होते. लंडनमधील २४ रुग्णालयांची ही ओळ पाहा. ८ एप्रिल १८६१ रोजी दाखल असलेले रुग्ण ४,२१४, त्या संपूर्ण वर्षातील मृत्यू ३,८२८ आणि शेवटच्या रकान्यात मृत्युदर ९०.८४ टक्के. शंभरांपैकी एक्क्याण्णव रुग्ण दगावले, असा मात्र याचा अर्थ नाही. वर्षभरातील मृत्यूंना एकाच दिवसाच्या रुग्णसंख्येने भागलेले आहे. त्याच खाटांवर वर्षभरात येऊन, बरे होऊन घरी गेलेली हजारो माणसे छेदात धरलेलीच नाहीत. त्या काळच्या वैद्यकीय साप्ताहिकांनी या भागाकारावर टीकेची झोड उठवली, आणि ती टीका रास्त होती.

तक्ता चुकला, तरी त्याच पुस्तकातील एक निरीक्षण आजही तितकेच खरे आहे. नाइटिंगेल लिहितात की, बरे न होणारे रुग्ण एका रुग्णालयातून सोडून दिले जातात, दुसऱ्या रुग्णालयात दाखल होतात आणि एक-दोन दिवसांत तेथे त्यांचा मृत्यू होतो. जो मृत्यू पहिल्याच्या खात्यावर पडायला हवा, तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो आणि पहिल्या रुग्णालयाचा मृत्युदर आपोआप खाली येतो.

[दृश्य : थेम्स नदी, वेस्टमिन्स्टर पूल, सेंट थॉमस रुग्णालयाच्या जुन्या इमारती.]

पार्लमेंटच्या समोरच्या काठावरील हे सेंट थॉमस रुग्णालय. नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा १८६० साली याच रुग्णालयात सुरू झाली. या काठावरील इमारती १८७१ साली उघडल्या. ओळीने उभ्या असलेल्या, एकमेकींपासून अंतर राखलेल्या या इमारती हवा खेळती राहावी म्हणून अशा बांधल्या आहेत. रुग्णालयाच्या रचनेमुळेही माणूस मरू शकतो, हे नाइटिंगेल यांनी जगाला पटवले. पण त्यासाठी आधी मेलेल्यांची मोजणी नीट व्हायला हवी, हा त्यांचा आग्रह इमारतींइतका कोणाच्या लक्षात राहिला नाही.

मोजणी बिघडते कशी, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, दोन रुग्णालयांत न्यूमोनियाचे प्रत्येकी शंभर रुग्ण आले आणि दोन्हीकडच्या शंभरांतील बारा जण महिनाभरात दगावले. पहिल्या रुग्णालयाने सर्वांना शेवटपर्यंत ठेवून घेतले, त्यामुळे त्याच्या नोंदवहीत बारा मृत्यू आले. दुसऱ्याने त्या बारांपैकी सहा जणांना चौथ्या-पाचव्या दिवशी घरी पाठवले, म्हणून त्याच्या नोंदवहीत सहाच आले. उपचारात फरक नाही, आजारात फरक नाही, आणि तरीही कागदावर दुसरे रुग्णालय दुप्पट चांगले ठरते. यात लबाडी असेलच असे नाही. जवळपास शुश्रूषागृह, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांना सांभाळणारे निवासस्थान असणे, घरी नेण्याची रीत असणे, खाटांची टंचाई असणे, यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे आहे.

[दृश्य : बोस्टन शहराची जुनी छायाचित्रे, हाताने भरलेले पुठ्ठ्याचे कार्ड.]

अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी या प्रश्नाला कार्डाने उत्तर दिले. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असावे, त्यावर तक्रार, निदान, उपचार आणि गुंतागुंत लिहावी, आणि मग किमान वर्षभराने त्या माणसाचे पुढे काय झाले हे शोधून तेही त्याच कार्डावर लिहावे, एवढी साधी ती पद्धत होती. घरी गेलेला रुग्ण त्यांच्या लेखी रुग्णालयाचाच होता. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या छोट्या खासगी रुग्णालयातून ३३७ रुग्ण बाहेर पडले आणि त्यांच्या उपचारांतील १२३ चुका कॉडमन यांनी स्वतःच जाहीर केल्या. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. मोठ्या रुग्णालयातील जागा त्यांनी १९१४ साली सोडली आणि पुढची वर्षे त्यांनी बरीचशी एकाकीपणे काढली.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर आलेख, मधली रेषा, तिच्या वर-खाली ठिपके.]

इंग्लंडमध्ये या कार्डाचे काम आता संगणक करतो. तेथे आधी प्राध्यापक ब्रायन जार्मन यांच्या पद्धतीने मृत्यू मोजले जात, त्यांत फक्त रुग्णालयातील मृत्यू धरलेले असत. मिड स्टॅफर्डशायर प्रकरणानंतर, ज्यात रुग्णांची अक्षम्य हेळसांड झाली होती, नवा निर्देशांक आखण्यात आला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला. रुग्णालयात झालेले मृत्यू आणि डिस्चार्जनंतर तीस दिवसांत झालेले मृत्यू, असे दोन्ही त्यात एकत्र मोजले जातात. त्यासाठी रुग्णालयांच्या नोंदी आणि देशाची मृत्यूनोंदणी एकमेकींशी जोडली जाते. मृत्यू घरी झाला, शुश्रूषागृहात झाला किंवा अन्यत्र कोठे झाला, तरी तो शेवटच्या रुग्णालयाच्या नावावर लागतो. मग वय, लिंग, निदान, दाखल होण्याची पद्धत आणि सोबतचे आजार पाहून, राष्ट्रीय सरासरीप्रमाणे किती मृत्यू अपेक्षित होते ते काढतात आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्या संख्येने भागतात. आलेखातील मधली रेषा म्हणजे एक, अर्थात अपेक्षित होते तेवढेच मृत्यू. एखाद्या रुग्णालयाचा ठिपका तिच्या बराच वर गेला, तर तेथे जाऊन चौकशी करावी. अपेक्षेपेक्षा जास्त झालेला प्रत्येक मृत्यू टाळता आला असता, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये, हे इंग्लंडची आरोग्यसेवा स्वतःच बजावते.

या मोजणीतील सुमारे तीस टक्के मृत्यू रुग्णालयाबाहेरचे असतात. जुन्या पद्धतीत ते कोणत्याच रुग्णालयाच्या हिशेबात धरले जात नव्हते.

[दृश्य : महाराष्ट्रातील एक गाव. घराची ओसरी, कोनाड्यात प्लास्टिकची पिशवी.]

आता आपल्या गावी येऊ. आपल्याकडे डॉक्टरांनी हात टेकले की, शेवट आपल्या घरात, आपल्या माणसांत व्हावा म्हणून नातेवाईक रुग्णाला घरी आणतात. कधी पैसे संपतात म्हणून आणतात. सल्ल्याविरुद्ध नेल्याची सही घेतली जाते, दवाखान्याच्या भाषेत ‘डामा’ अशी नोंद होते आणि रुग्णालयाच्या दृष्टीने तो रुग्ण जिवंत बाहेर पडतो. घरी आणण्यात गैर काही नाही. उलट त्या निर्णयामागची माया या ओसरीवर बसल्यावर कळते. गैर आहे ते एवढेच की, त्यानंतर रुग्णालयाची वही मिटते आणि ग्रामपंचायतीची वही उघडते, पण या दोन वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

[दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. मृत्यू अहवालाच्या नमुन्यावरून फिरणारे पेन.]

वर्षानुवर्षे वापरात असलेला हा मृत्यू अहवालाचा नमुना क्रमांक २. एकवीस दिवसांच्या आत तो भरून द्यायचा असतो. मृत्यूपूर्वी कोणते वैद्यकीय साहाय्य मिळाले, असा प्रश्न त्यात आहे, आणि ‘संस्थेत’ या पर्यायावर खूण करता येते. कोणती संस्था, तेथून कधी सोडले, हे मात्र तेथे विचारलेले नाही. घरी झालेल्या मृत्यूचे कारण बहुतेक वेळा घरचे लोक सांगतील तेच लिहिले जाते. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते.

याच नमुन्यात थोडे खाली या. मृत व्यक्ती स्त्री असल्यास मृत्यू गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा गर्भारपण संपल्यापासून सहा आठवड्यांच्या आत झाला काय, असा प्रश्न तेथे आहे. म्हणजे बाळंतिणीच्या बाबतीत आपल्या सरकारने रुग्णालयाच्या दारापलीकडची मुदत केव्हाच मान्य केलेली आहे, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी कागदावर एक ओळ पुरली आहे. मग हृदयविकाराच्या, न्यूमोनियाच्या, पोटाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णासाठी आणखी एक ओळ का पुरू नये, हा या चित्रपटाचा सरळ प्रश्न आहे.

[दृश्य : पुन्हा ओसरी. पिशवीतून कार्ड बाहेर येते.]

हे डिस्चार्ज कार्ड घरच्यांनी जपून ठेवले आहे. निदान, औषधे, रक्ताचे अहवाल, सारे व्यवस्थित लिहिलेले आहे. ‘प्रकृतीत सुधारणा’ असा शेरा आहे. सर्वांत खाली पुन्हा दाखवायला येण्याची तारीख आहे, आठ दिवसांनंतरची. कार्डाचे मालक पाचव्या दिवशी पहाटे याच ओसरीवर गेले. ठरल्या तारखेला ते का आले नाहीत, हे विचारणारा फोन या घरी आलेला नाही.