पत्रा सगळ्यात शेवटी

हे जमिनीवर जुन्या चादरीवर मांडून ठेवलंय ना, दोन दारांचे पत्रे, मागचे दोन्ही कोपरे, मधला स्कटल, म्हणजे बॉनेट आणि दारं ह्यांच्यामधला भाग, हे सगळं 1948 च्या एमजी टीसीचं, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स गाडीचं. बघणाऱ्याला वाटतं की हीच गाडी. खरी गाडी ती पलीकडे उभी आहे, लाकडाची, अजून उघडीच.

टीसी बनायची इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनला, 1945 ते 1949, सगळ्या मिळून साधारण 10,000 गाड्या. बॉडी मात्र अॅबिंग्डनला बनत नव्हती, ती कॉव्हेंट्रीहून तयार होऊन यायची आणि अॅबिंग्डनला चेसिसवर बसायची. खाली स्टीलची चेसिस, वर अॅश लाकडाचा सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकलेला स्टीलचा पत्रा, जेमतेम एक मिलिमीटरचा. अॅश म्हणजे राख नाही हां, झाड आहे ते. क्रिकेटचे स्टंप पूर्वापार ह्याच लाकडाचे, कारण दणका बसला तरी पटकन तुटत नाही, थोडं लवतं, आणि खिळाही घट्ट धरतं. एकच खोड, ओल सहन होत नाही. पाणी पत्र्याच्या आतून उतरून खांबाच्या पायाशी साचतं आणि तिथून कुजायला सुरुवात होते, म्हणजे बाहेरून गाडी चकचकीत आणि आत बोट घातलं तर भुसा. आपल्याकडे अशा गाड्यांना बरेचदा सागवान घातलेलं दिसतं, ते सहजासहजी कुजत नाही हे खरं, पण त्यात तेल असतं त्यामुळे गोंद नीट धरत नाही, जोड लावायच्या आधी पुसून घ्यावा लागतो.

बरं, आता पत्रा कसा चढतो. आणि इथे मी आधी माझी चूक सांगतो, कारण दादा नाहीतर स्वतःच सांगेल आणि जास्त रंगवून सांगेल.

सांगाडा नवीन जोडून झाला होता, लाकडी घोड्यांवर ठेवलेला, एकदम मस्त दिसत होता, आणि मला धीर नव्हता. म्हटलं मागचा कोपरा तरी लावून बघू. लावून बघू म्हणता म्हणता वीस-पंचवीस खिळे ठोकून मोकळा झालो. नंतर सांगाडा चेसिसवर नेऊन बोल्ट आवळले तर उजवं दार लागेचना. पुढची कड खाली आलेली, कुलूप भलतीकडेच. टीसीचं दार मागून उघडतं, बिजागऱ्या मागच्या खांबाला, त्यामुळे तो खांब तसूभर पुढे कलला तरी दाराचं नाक खाली पडतं. आणि आता खांब हलवायचा तर हलेना, कारण त्याला पत्रा ठोकलेला!

हीच ह्या गाडीची गंमत आहे. नुसता लाकडी सांगाडा हाताने दाबला तरी थोडा थोडा हलतो, पण पत्रा ठोकला की सगळं ताठ होतं, न विणलेली बाज आणि विणलेली बाज ह्यात असतो तसाच फरक. म्हणजे पत्रा नुसता झाकण नाही, तो गाडीचा आकार कायमचा पक्का करतो. वाकडा असेल तर वाकडाच पक्का करतो. खिळे उपसले तेव्हा पत्र्याची कड दोन ठिकाणी फाटली, ती वेल्डिंग करून भरली, आणि वेल्डिंग अर्थातच पत्रा काढूनच, लाकडावर असताना आग लागायची.

तर मग क्रम उलटा केला. आधी चेसिस सरळ आहे की नाही ते कर्ण मोजून बघितलं. मग रेडिएटर बसवला, तिथून मागे पडद्यापर्यंत, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा ह्यांच्यामधल्या आडव्या पत्र्यापर्यंत, दोन सळ्या येतात त्यांच्या नटांनी रेडिएटर मागेपुढे करता येतो. मग बॉनेट. बॉनेट म्हणजे चार तुकडे, एका बाजूला रेडिएटरला टेकणार आणि दुसऱ्या बाजूला स्कटलला, म्हणजे ते नीट बसलं की स्कटलची जागा आपोआप ठरली, आणि स्कटल ठरला की दाराच्या पुढचा खांब ठरला. दाराची नुसती लाकडी चौकट टांगली, बंद केली, उघडली, परत बंद केली. दाराचं नाक अजून खाली, फट सगळीकडे सारखी नाही. मी रंधा उचलला तर दादा म्हणाला, "अरे थांब, दाराला हात लावू नकोस." तो खाली गेला, मागच्या खांबाच्या जरा पुढे चेसिस आणि बॉडीच्या मध्ये पॅकिंगची पातळ पट्टी सरकवली, बोल्ट आवळला, आणि दाराचं नाक वर आलं. दुखणं दारात, औषध चेसिसवर.

त्यानंतर पत्रे, पण खिळे नाहीत. आधी शिंपी घालतो तसा कच्चा टाका, म्हणजे मोजून चार-पाच स्क्रू आणि क्लॅम्प. काढायचं, घासायचं, परत लावायचं. किती वेळा, ते मोजणं सोडून दिलं. दाराचा पत्रा चौकटीवर लाकडी हातोडीने दुमडतात, एका दमात नाही, तीन-चार फेऱ्यांत थोडं थोडं. टीसीच्या दाराला वर कोपर टेकायला खोलगट वळण आहे, तिथे दुमडताना काठ ताणावा लागतो, घाई केली की चिरतो. आणि दुमडलेला पत्रा दाराची जाडी वाढवतो, वर रंगाचे थर, म्हणून लाकडाची फट आधीच मोठी सोडायची, सुरुवातीला ती बघून अंगावर काटा येतो.

आतली बाजू रंगवून घेतली, कारण नंतर तिथे ब्रश पोचणार नाही. पत्रा आणि लाकूड ह्यांच्यामध्ये पातळ सीलंटची पट्टी, नाहीतर खड्ड्यात कुईकुई सुरू.

आणि मग खिळे. मधून सुरू करायचं आणि कडांकडे जायचं, म्हणजे पत्र्यातली लाट बाहेर ढकलली जाते. एकाने तळहाताने दाबून धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. वरच्या पट्टीवर पत्रा आत दुमडून ठोकलाय ते खिळे पुढे अस्तराखाली जातील, कोणाला दिसणार नाहीत.

हा आवाज ऐका. ठप्प. उजवं दार. दादाने ते आत्तापर्यंत दहा वेळा तरी उघडून लावलंय, काही काम नसताना. डावं दार अजून लाकडाचंच आहे, पॅकिंगच्या पट्ट्या कापून ठेवल्यात, उद्या खाली झोपायची पाळी माझी.