काचेची नळी आणि वीस मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. भातकापणी सुरू झाली, म्हणजे आमच्याकडे साप चावलेले पेशंट सुरू. नातेवाईक आल्या आल्या विचारतात, 'डॉक्टर, विष चढलंय का?' ते कडुलिंबाचा पाला चावायला देऊन कळत नाही. मेलेला साप पिशवीतून आणायचीही गरज नाही. एकदा एक 'मेलेला' आमच्या टेबलावर वळवळला होता!

मण्यार चावली तर दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. अशा पेशंटला आम्ही एका दमात आकडे मोजायला लावतो. मघाशी वीसपर्यंत गेलेला आता दहावर अडला, तर श्वासाचे स्नायू थकू लागलेत.

फुरसं, घोणस यांचं विष मात्र रक्त गोठू देत नाही. म्हणून दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरपी करायची. काचेची नळी, कोरडी नळी, वीस मिनिटं. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलंय.

नळीवरून आठवलं. कोकणातल्या एका लहान दवाखान्यात मी नवा होतो. संध्याकाळी एक काका आले, गवत कापताना पायाला काहीतरी चावलं म्हणून. सूज नाही, हिरड्यांतून रक्त नाही, वर विडी मागतायत. नळी भरून ठेवली. काकू तिच्यावरून नजर हलवेनात. वीस मिनिटांनी तिरपी केली, तर रक्त सरळ ओघळलं! मी म्हटलं, सिस्टर, लसीच्या दहा बाटल्या काढा. सिस्टर मुरलेल्या. म्हणाल्या, 'सर, आधी तुमचा हात द्या.' त्याच ट्रेमधली नळी, माझं रक्त, पुन्हा वीस मिनिटं. माझंही गोठेना!

मावशी नळ्या साबणाच्या पावडरीने लख्ख धुवायच्या. साबणाचा अंश काचेला राहिला की धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही. या जाहिरातींनी मुठीमुठीने पावडर ओतायची सवय लावलीय. राखेने भांडी काय वाईट निघायची? असो. कोरी नळी काढली, काकांचं रक्त खरवसासारखं घट्ट. तरी त्यांना चोवीस तास ठेवलं, पुन्हा पुन्हा नळी लावली. विष उशिराही उतरतं रक्तात.

दुसऱ्या दिवशी निघताना काकू सिस्टरांना हळूच विचारत होत्या, 'डॉक्टरांनापण ठेवून घेतलंत ना रात्री?'