न्यूयॉर्कला नऊ वाजले की...

(दृश्य : हिंजवडी, शिवाजी चौक. उन्हाळ्यातली संध्याकाळ, गाड्यांची रांग.)

संध्याकाळचे साडेसहा. न्यूयॉर्कमध्ये आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. या रांगेत अडकलेले कितीतरी सॉफ्टवेअरवाले कॅबमधूनच, कानात इअरफोन घालून अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरच्या 'स्टँडअप'ला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, जॉइन झालेत.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळं तासभर मागे घेते. भारतात काहीच बदलत नाही, पण सोमवारपासून हिंजवडीतला हाच कॉल साडेसातला लागतो. जेवण सरकतं, झोप सरकते, पोरांना झोपवायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. मार्चमध्ये पुन्हा उलट. क्लायंट कॅलिफोर्नियाचा असेल तर विचारूच नका. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि हिवाळ्यात साडेदहा.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या तब्येतीचा विषय निघाला की गाडी मान, पाठ आणि डोळ्यांवर येते. ते खोटं नाही. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर निम्म्याहून कमी वेळा लवते, म्हणून डोळे चुरचुरतात. पण खुर्ची बदलता येते, चष्मा करून घेता येतो. कंपन्याही हे हौसेनं करतात. त्यानं डेडलाइन काही हलत नाही ना!

घड्याळाचं दुखणं मात्र आत बसतं.

(दृश्य : रात्रीचे अकरा. स्वयंपाकघर, ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट.)

अंधार पडल्यावर मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. शरीर झोपेच्या तयारीला लागतं आणि इन्सुलिनचं कामही मंदावतं. त्यामुळे कॉल संपवून अकराला खाल्लेली पोळीभाजी, दुपारी खाल्लेल्या त्याच पोळीभाजीपेक्षा रक्तातली साखर जास्त चढवते. घरात आधीच मधुमेह असेल, तर हे वर्षानुवर्षं चालू राहणं परवडणारं नाही.

शिवाय ऑन-कॉलचा आठवडा, म्हणजे रात्री-अपरात्री फोन आला तर उठून कामाला लागायची पाळी. 'प्रॉडक्शन डाउन'चा, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम बंद पडल्याचा, फोन आला नाही, तरी झोप सावधच लागते. ती रात्र टाइमशीटवर कुठेच दिसत नाही.

टाइमशीटवर जे दिसतं, तेही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ५५ तास म्हणजे रोजचे अकरा. दुपारी बाराला आलेला माणूस रात्री अकराला उठला की भरले.

(दृश्य : मीटिंग रूम. भिंतीवर तीन शहरांची घड्याळं.)

न्यूयॉर्कची माणसं सकाळी सातला बसली, तर उन्हाळ्यात पुण्यात दुपारचे साडेचार झालेले असतात. काही टीम्स कॉलची वेळ आळीपाळीनं ठेवतात : एक महिना आपण उशिरा थांबायचं, पुढचा महिना त्यांनी लवकर उठायचं. पण क्लायंटला हे विचारायचं कुणी, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं.