सूत्रातला चार कुठून आला?

फळ्यावरचं वर्गसमीकरण सोडवायचं हे सूत्र बघा. मायनस बी, प्लस-मायनस, अंडर रूट बी स्क्वेअर मायनस फोर ए सी, अपॉन टू ए. अख्खा वर्ग एका सुरात म्हणतोय, पाठांतर एकदम चोख. आता यांच्यातल्या कुणालाही विचारा, यात चार कुठून आला? सगळे गप्प. दोष मुलांचा नाहीच, त्यांना कुणी ते सांगितलेलंच नसतं, सूत्र येतं, दोन-तीन गणितं फळ्यावर होतात, बाकीची घरी करायला आणि पुढचा धडा सुरू.

आता हे पुठ्ठे बघा. साधारण ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने असंच गणित मांडलं होतं. एका संख्येचा वर्ग, त्यात तिची दहापट मिळवली की ३९ होतात, तर ती संख्या कोणती? त्याच्याकडे एक्स नव्हता, सगळं शब्दांत लिहिलेलं, पण आकृती होती.

हा निळा चौरस, याची बाजू आपल्याला माहीत नाही. त्याच्या शेजारी १० रुंदीची लाल पट्टी. ती उभी मधोमध कापायची, ५-५ च्या दोन पट्ट्या झाल्या, एक उजवीकडे लावली, दुसरी आडवी करून खाली. कोपऱ्यात खाच राहिली, पाच बाय पाचची, ती पिवळ्या तुकड्याने भरली. चौरस आणि पट्ट्या मिळून ३९ होते, २५ आले, झाले ६४, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातले ५ काढले, उरले ३. सुटलं!

आता १० च्या जागी बी ठेवा. निम्मं केलं, त्याचा वर्ग केला, बी वर्ग भागिले चार, तो चार इथून आला, छेद सारखा केला की तोच ए सी च्या पुढे जाऊन बसतो. पुस्तकातल्या 'पूर्ण वर्ग' पद्धतीच्या पायऱ्या याच आहेत, फक्त चौरस गायब. अक्षरांची आजची लिहिण्याची पद्धत तर सतराव्या शतकात रुळली, आणि आपण सुरुवातच तिथून करतो.

कॅल्क्युलसचं, म्हणजे बदलत्या राशींच्या गणिताचं, तेच. लाइबनिझ या गणितज्ञाने ते १६८४ मध्ये छापलं, ते आज ज्यावर उभं आहे त्या लिमिटची नीट व्याख्या कॉशी या गणितज्ञाने केली १८२१ मध्ये, आणि वर्गात लिमिट पहिल्याच दिवशी.

मग कित्येक मुलं गणित सोडूनच देतात.

ही मुलगी मात्र पुठ्ठे बघून विचारतेय, सूत्राने दुसरं उत्तर उणे १३ येतंय, ते या आकृतीत कुठे आहे? अल-ख्वारिझ्मीनेही ते सोडून दिलं होतं, चौरसाची बाजू उणे कशी असेल? आणि ब्रह्मगुप्ताने तर त्याच्याही आधी, ६२८ मध्ये, ऋण संख्यांचे नियम लिहिले होते. सरांनी पुढचा धडा बाजूला ठेवला आणि तिचा प्रश्न तसाच फळ्यावर लिहिला, आता तास त्याच्यावरच चाललाय.